बोटभर पांढरं

सकाळी साडेदहा वाजता एका वेल्डरने माझ्या कानशिलात लगावली. मी मान खाली घालून त्याचीच नोटीस वाचत होतो, त्यामुळे हात येताना दिसला नाही. आधी फट्कन आवाज आला, मग चष्मा फरशीवर पडल्याचा आवाज, आणि मग डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली ती सुरूच राहिली. काउंटरवर पूर्वी जाड काच होती. नव्या पद्धतीची यंत्रं आत आणायची म्हणून गेल्या महिन्यात ती काढली, आणि पुन्हा बसवायची आठवण कोणाला राहिली नाही. तीस वर्षं त्या काचेआडून मी लोकांशी उर्मटपणे बोललो, हे मला मान्य आहे. काच गेल्यावरही तसाच बोलत राहिलो. वेल्डर म्हणाला होता, "साहेब, चौदा वर्षं राहतोय मी त्या घरात. तुमच्याच पालिकेचा परवाना आहे. आता नोटीस म्हणते ती मोकळी जागा आहे, बांधकाम काढून घ्या. अहो, मग चौदा वर्षं मी झोपलो कुठे?" आणि मी वर न बघता म्हणालो होतो, "ते तुम्हाला माहीत. नकाशात तिथे घर नाही." एवढंच. यात मारण्यासारखं काय होतं, असं मी नंतर सगळ्यांना विचारत फिरत होतो, आणि सगळे म्हणत होते, काहीच नव्हतं.

रांगेतले लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते एकदम गप्प झाले, आणि त्या गप्प चेहऱ्यांवर मला समाधान दिसलं, तहानेल्या माणसाने पाणी प्यायल्यावर दिसतं तसं. दोन शिपायांनी वेल्डरला धरलं. तो झटापट करत नव्हता. स्वतःच्याच हाताकडे बघत उभा होता. दुसऱ्या हातात त्याच्या मोजमापाची टेप होती. घर मोजून आला होता बिचारा, लांबी-रुंदी सांगायला. बिचारा हे मी आत्ता म्हणतोय. तेव्हा मला त्याचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटायचं होतं, आणि एकदाच नाही. त्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे, तिचा एक कोपरा वर आलाय, आणि दर आठवड्याला कोणाची तरी बाही त्यात अडकून फाटते. त्या कोपऱ्यावर त्याची भुवई कशी उकलेल, रक्त आधी डोळ्यात उतरेल की नाकावरून, हे मी चष्मा नसतानाही अगदी स्वच्छ पाहिलं. मी सत्तावन्न वर्षांचा माणूस, नगररचना विभागातला मुख्य आरेखक, उभ्या आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. मी खाली वाकलो, चष्मा उचलला. एक काडी मोडली होती, ती खिशात टाकली.

आमच्या विभागात एक कारकून आहे, त्याला सगळे बातमीदार म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट घडायच्या आधी त्याला कळलेली असते. त्यानेच माझ्यापुढे दोन-तीन कोरे कागद ठेवले, स्वतःचं पेन दिलं आणि मागे उभा राहून तक्रार सांगू लागला. "नुसतं 'चापट मारली' लिहू नका. चापटीला कोण विचारतंय? संध्याकाळच्या आत घरी जाऊन जेवेल तो. त्याच्या हातात काय होतं?"

"टेप."

"लोखंडाची ना?"

"पोलादाची."

"मग लिहा, हातात लोखंडी वस्तू घेऊन अंगावर आला. खोटं आहे का त्यात काही?"

खोटं नव्हतं. मी लिहिलं. लिहिताना अक्षर इतकं सुरेख आलं की मला माझंच कौतुक वाटलं. नकाशांवर तीस वर्षं अक्षरं काढल्यामुळे माझं अक्षर छापल्यासारखं येतं, आणि 'लोखंडी वस्तू' हे शब्द तर मी खाली रेघ मारावी इतके ठसठशीत काढले. रेघ मारलीसुद्धा. खाली सही केली, तारीख घातली, आणि पोलिसांच्या गाडीत वेल्डरला बसवून नेताना खिडकीतून बघत उभा राहिलो. त्याने एकदा वर पाहिलं. मी बाजूला झालो नाही.

दिवस साधा नव्हता. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमच्या पालिकेचा स्वतःचा आराखडा मरणार होता. बासष्ट कागद, प्रत्येक कापडावर चिकटवलेला, प्रत्येकावर शाई आणि हाताने भरलेले रंग: पिवळा राहण्याचा, निळा कारखान्यांचा, हिरवा झाडांचा आणि मैदानांचा. पाच वाजल्यापासून त्यांची किंमत रद्दीइतकी. मग सगळ्या राज्याचा एकच नकाशा, सगळ्या गावांना एकच नियम, सगळं पडद्यावर. त्यासाठी दोन वर्षं आमच्या कागदांची यंत्रावर चित्रं घेतली जात होती, जुन्या रंगांचे नव्या विभागांत बदल होत होते, आणि प्रत्येक कागदाचं चित्र मूळ कागदाशी ताडून बघून 'जुळते' असं लिहून सही करायचं काम माझं होतं. बासष्ट वेळा मी 'जुळते' लिहिलं. पाच वाजेपर्यंत काही चूक सापडली तर तपासणाऱ्याने दुरुस्तीपत्र द्यायचं, मुख्य नियोजन अधिकाऱ्याने शिक्का मारायचा, की झाली दुरुस्ती. पाचनंतर अर्ज राज्याच्या मंडळाकडे, आणि तिथे दोन वर्षांच्या आत कोणी फाईल उघडतसुद्धा नाही. नव्या नकाशावरून नोटिशा मात्र आधीच निघू लागल्या होत्या, आणि त्यांची मुदत तीस दिवसांची. वेल्डरला हे सगळं मी समजावून सांगू शकलो असतो. पण मला चहा प्यायचा होता, आणि त्याच्या अंगाला जळक्या लोखंडाचा वास येत होता.

कानातली शिट्टी थांबत नव्हती. कोणी बोललं की ती शब्दांच्या मागे उभी राहायची, गप्प झालं की पुढे यायची. आमचे वडील शिंपी होते, आणि त्यांच्या दुकानातलं मशीन बंद झाल्यावरही मला लहानपणी असाच आवाज ऐकू यायचा. त्यांच्याकडे शिसवी लाकडाचा गज होता, दोन्ही टोकांना पितळ बसवलेला. कापड मोजायला एक टोक, आणि आम्हा भावांसाठी दुसरं. मी आठ वर्षांचा असताना एका दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा टेबलावर एका गिऱ्हाइकाचं लोकरीचं कापड पसरलेलं होतं, कोटाचं, खडूने आखून ठेवलेलं. खडू माझ्या हाताशी होता. मला रेघ ओढायची होती, एवढंच. कापडावर खडू असा फिरतो की बोटांना गुदगुल्या होतात. मी पाठीच्या तुकड्यावर एक रेघ ओढली, त्यांच्या रेघेसारखीच, पण चार बोटं आत. वडील आले, कात्री घेतली, आणि गिऱ्हाइकाशी बोलत बोलत माझ्या रेघेवरून सरळ कापत गेले. शेवटपर्यंत कापल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वळून दोघांकडे पाहिलं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि त्याच्या बोटांना खडू लागलेला होता, कारण तो गुंड्यांच्या डब्यांवर आकडे लिहीत होता. माझे हात मी चड्डीला पुसले होते.

पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा कोपरावर, आणि मग वडिलांनी गज टाकून हात वापरला. दादा ओरडला नाही. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. मी कपाटाला टेकून उभा होतो आणि माझ्या तोंडात शब्द तयार होता, अगदी दातांच्या मागे, आणि मी प्रत्येक फटक्याला म्हणत होतो, आता सांगतो, या एकानंतर सांगतो. अकरा फटके मी मोजले. अकराव्यानंतर तो खाली बसला, आणि डाव्या कानावर हात धरून म्हणाला, "शिट्टी वाजतेय." आठवडाभराने त्या कानाने ऐकू येणं बंद झालं. आज तो साठ वर्षांचा आहे, आणि जेवायला बसताना कायम माझ्या डाव्या हाताला बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे राहतो. हे कधी ठरलं त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललेलो नाही.

एकच्या सुमाराला पोलीस ठाण्यातून फौजदाराचा फोन आला. आवाजात आपुलकी होती. "साहेब, तुमचा माणूस इथे आहे. लोखंडी वस्तू जप्त केली. म्हणतो, मी फक्त विचारायला गेलो होतो. जरा समजावतोय त्याला आम्ही." मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि एक दुसरा आवाज, जड पोतं टाकल्यासारखा. मला कळलं. कळलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या तळहाताला गोड मुंग्या आल्या, आणि मी म्हणालो, "समजवा. नीट समजवा." मग डबा उघडून व्यवस्थित जेवलो.

जेवण झाल्यावर त्याचा पुरता निकाल लावायचा म्हणून मी नकाशाघरात गेलो. मला त्याच्या घराच्या जागेचा मूळ कागद हवा होता. वाटलं, त्याचं घर जुन्या आराखड्यातही बेकायदा असणार, परवाना कोणाला तरी चिरीमिरी देऊन काढलेला असणार, आणि तो कागद तक्रारीला जोडला की हा माणूस उभा राहायचा नाही. नकाशाघराला खिडकी नाही. लांब उथळ खण, त्यांत आडवे कागद, आणि कापड, डिंक आणि वाळवीच्या औषधाचा एकत्र वास, जो माझ्या घामालाही येतो असं माझी बायको म्हणते. मी सातवा कागद काढला, टेबलावर पसरला, कडांवर वजनं ठेवली. नोटिशीवरचा क्रमांक शोधला. कागदाच्या अगदी उजव्या कडेला निघाला. पिवळं. राहण्याचा विभाग. मी चरफडलो, कारण घर कायदेशीर होतं. मग कोपऱ्यातल्या पडद्यावर नवा नकाशा उघडला, तीच जागा काढली. तिथेही पिवळं. मग नोटीस आली कशी? मी त्या जागेवर टिचकी मारली, आणि बाजूला अक्षरं उमटली: अवर्गीकृत, मोकळी जमीन, बांधकामास मनाई.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. पिवळं. पडद्याकडे पाहिलं. पिवळं. चष्मा एका काडीवर लटकत होता, तो हाताने धरून ठेवला. मग का कोण जाणे, मी तक्रारीतला उरलेला कोरा कागद उचलला आणि सातव्या कागदाच्या कडेला लावून ठेवला. तेव्हा ते पांढरं झालं. दोन्ही सारखेच पांढरे होते. तिथे रंग नव्हता. कधीच नव्हता.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही, आणि आमच्या विभागातल्या माणसाला सांगावं लागायचं नाही. मला हे काम एका म्हाताऱ्या आरेखकाने शिकवलं. बोलायला फटकळ, हात स्थिर, आणि चूक झाली की कानाला धरून कागदावर नाक टेकवायला लावायचा. त्याची पद्धत अशी होती की जिथे दोन कागद एकमेकांना जोडले जातात, त्या सांध्यावरची जमीन दोन्ही कागदांवर येते. तीच जमीन दोनदा रंगवली की कधी तरी दोन्हींत फरक पडतो आणि मालक कोर्टात जातात. म्हणून डाव्या कागदाच्या कडेला बोटभर पट्टी कोरी सोडायची, आणि तिचा रंग उजव्या कागदावर भरायचा. कोरं याचा अर्थ एवढाच, पुढचा कागद बघ. हे कुठे लिहिलेलं नाही. त्याने मला दाखवलं, मी पुढच्यांना दाखवलं. बाकी सगळे सांधे रस्त्यांवर आणि नाल्यांवर पडले. घरांमधून जाणारा सांधा एकच, सात आणि आठचा. चित्रं घेणाऱ्यांनी तिथे आठव्याची कड कापली आणि सातव्याची ठेवली. त्यांना काय माहीत. माहीत मला होतं. पडद्यावर ती कोरी पट्टी समोर आली तेव्हा माझ्या डोळ्यांनी तीस वर्षांच्या सवयीने तिच्यात पिवळा रंग भरला, आणि हाताने लिहिलं, जुळते. मी आठवा कागद काढून जोडून लावला. डाव्या कडेला पिवळ्यावर काळ्या शाईने घरं. मोजली. एक्केचाळीस. कागदावर बोटभर, आणि जमिनीवर एक अख्खी गल्ली.

तेव्हा दोन वाजले होते. पुढचं मी कितीही वेळा सांगितलं तरी त्यात चांगलं दिसण्यासारखं काही नाही. मी अडीच तास तिथे बसून राहिलो. पत्र लिहायला दहा मिनिटं लागतात, ठाण्यात फोन करायला एक. मी दोन्ही केलं नाही. आधी मला वेल्डरचाच राग आला. त्याने मारलं नसतं तर मी हा कागद काढला नसता, काढला नसता तर मला कळलं नसतं, आणि आठ महिन्यांनी हारतुरे घेऊन मी निवृत्त झालो असतो. पत्र दिलं म्हणजे चौकशी लागणार, बासष्टच्या बासष्ट सह्या पुन्हा उघडणार, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जी थप्पड मला उगाच बसली असं मी दिवसभर सांगत फिरलो, ती बरोबर बसली होती असं मला स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं लागणार. मी मनातल्या मनात त्या गल्लीवर पाडकामाची यंत्रं घातली. पहिली भिंत पडताना कशी आधी फुगते, मग गुडघ्यात वाकते. छपराचे पत्रे कसे किंचाळतात. आतलं कपाट, कपाटातले कपडे, भिंतीवर मुलांची उंची मोजून ओढलेल्या रेघा. मी सगळं पाडलं, एक्केचाळीसही, अगदी क्रमाने. पाडताना मला मजा आली हे मी लपवणार नाही. वेल्डरचं घर मी शेवटी ठेवलं होतं.

सव्वाचारला दादाचा फोन आला. बातमीदाराने काम चोख केलं होतं. काउंटरवर कोणी तरी काढलेलं चित्रण दुपारपर्यंत सगळ्या गावाने पाहिलं होतं. दादाने फोन नेहमीसारखा उजव्या कानाला लावला असणार. "जोरात लागलं का रे?"

"नाही. ठीक आहे."

"कानावर बसली. मी पाहिलं. डाव्या ना?"

"हो."

"शिट्टी वाजतेय?"

मी फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला नेला.

"वाजू दे," दादा म्हणाला. "वाजतेय तोवर कान जिवंत आहे. घाबरायचं नाही. बंद झाली आणि कानाचा पडदा सुधारला नाही, तर मग मात्र कान गेला. वाजतेय ना?"

"वाजतेय."

"मग बरं. डॉक्टरकडे लगेच जा. उशीर करू नकोस. आपल्यात उशीर करायची खोड आहे." आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी बराच वेळ शोधला, नव्हता. मग मी पेन उचललं आणि दुरुस्तीपत्र लिहिलं. या खेपेला अक्षर वाईट आलं.

मुख्य नियोजन अधिकारी बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. हुशार आणि कामसू, आणि तोपर्यंत तरी मला त्यांच्याबद्दल आदर होता. पाच वाजता मोठ्या सभागृहात पाहुणे येणार होते, कळ दाबून नवी पद्धत सुरू होणार होती, आणि त्या भाषणाचा कागद बघत होत्या. माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. "आज? आत्ता?"

"पाचच्या आत."

"तुम्हाला कळतंय ना, एक पत्र दिलं की बाकीच्या एकसष्ट कागदांवर कोण विश्वास ठेवणार? राज्यात आपण पहिले आहोत. पहिले. तुमचे आठ महिने राहिलेत, काका. मंडळाकडे नंतर रीतसर अर्ज करू आपण. मी स्वतः पाठपुरावा करीन."

"दोन वर्षं लागतील. घरं महिनाभरात जातील."

"सगळीच्या सगळी थोडीच जातात." त्यांनी पत्र भाषणाच्या कागदाखाली सरकवलं, अगदी हळुवारपणे, आणि पुन्हा वाचायला लागल्या. "शांतपणे विचार करा. आज तुमचा दिवसच वाईट गेलाय."

माझ्या हातात नकाशाघरातली मीटरभर लांबीची पोलादी पट्टी होती. मी ती का आणली ते मला माहीत नाही. मी ती वर उचलली आणि टेबलावर घातली. टेबलावरची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली, चहाचा कप उडून भिंतीवर गेला, आणि बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मी दुसऱ्यांदा घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा पट्टी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर पडली, आणि ती वीत मी ठरवून सोडली होती असं मला सांगता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मी एकदाच पूर्वी पाहिलं होतं, वडिलांच्या दुकानात, कपाटाशेजारच्या आरशात, माझ्याच डोळ्यांत. मला खांद्यापासून मनगटापर्यंत बरं वाटत होतं. वडिलांनाही असंच बरं वाटत असणार, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी समजलं. "शिक्का," मी म्हणालो. बाईंनी शिक्का मारला, वेळ घातली, चार पन्नास, आणि खाली सही केली. मी स्वतः जाऊन पत्र यंत्रावर चढवलं, आणि सात-आठच्या सांध्यावर पडदा पिवळा होईपर्यंत तिथे उभा राहिलो. या वेळी शेजारी कोरा कागद धरून बघितलं. पिवळंच होतं. सभागृहातून टाळ्या ऐकू आल्या, उजव्या कानाने.

ठाण्यापर्यंत चालत गेलो. गाडी मिळाली असती, पण रस्त्यावर कोणाशी बोलावं लागलं असतं. फौजदाराने खुर्ची दिली. मी म्हणालो, तक्रार मागे घेतो, त्याच्या हातात टेप होती, लोखंडी वस्तू मी चुकीची लिहिली. त्याने डोकं खाजवलं. "आधी सांगायचं ना, साहेब. लोखंडी म्हटल्यावर आमची माणसं चिडली. दुपारी तुम्हीच म्हणालात नीट समजवा. तीन-साडेतीनपर्यंत तसा ठीक होता तो, नंतर जरा जास्त झालं." टेबलावर टेप पडली होती, तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मी ती उचलली. चिठ्ठी सोडवली.

वेल्डर आतल्या बाकावर बसला होता. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, आणि डाव्या कानाखालून मानेवर सुकलेली काळपट रेघ. मला बघताच तो धडपडत उठला. सकाळी माझ्या कानशिलात वाजवणारा तो उजवा हात त्याने दुसऱ्या हाताला जोडला, बोटं नीट जुळत नव्हती तरी जोडला. मी म्हणालो, "बसा. घर राहिलं तुमचं. सगळी गल्ली राहिली, एक्केचाळीस घरं. नकाशात चूक होती. माझी चूक होती."

"चूक झाली, साहेब," तो म्हणाला. "माझीच चूक."

"नाही, ऐका. तुमची नाही. मी चुकीची सही केली."

"माझीच चूक, साहेब. परत नाही होणार."

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. ते माझ्या लक्षात आलं, आणि मी फिरून त्याच्या उजव्या हाताला गेलो, दादा बसतो तेव्हा मी जसा असतो तसा, आणि सगळं पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. त्याने या खेपेला ऐकलं. घर राहिलं हे त्याला कळलं असावं, कारण त्याचा उघडा डोळा भरून आला. पण हात सुटले नाहीत, आणि तोंडाने तो तेच म्हणत राहिला. माझ्या कानात शिट्टी चालू होती. मी त्याची टेप त्याच्या खिशात ठेवली आणि शेवटी मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"कानात शिट्टी वाजतेय का?"

त्याने मान तिरकी केली आणि लक्ष देऊन ऐकलं, बराच वेळ. साहेबांना हवं ते उत्तर द्यावं अशी त्याची इच्छा दिसत होती.

"मघाशी वाजत होती, साहेब," तो म्हणाला. "चार वाजेपर्यंत. आता काही नाही. आता एकदम शांत आहे."